बेटांना आवाज देणाऱ्या उना मार्सन

नभोवाणीच्या लहरी जुन्नर तालुक्याला नवख्या नाहीत. नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये देशाचे पहिले आंतरराष्ट्रीय व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. पुढे खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहिली. त्या दुर्बिणीने तालुक्याचे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचविले.

आफ्रिकेचीही या मुलखाला फार जुनी ओळख आहे. १६०७ च्या सुमारास निजामशाहीची राजधानी जुन्नरला आली. त्या वेळी राज्याचा कारभार पाहणारा मलिक अंबर हा हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला आणि बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. घोड, मीना आणि कुकडीच्या खोऱ्यांतील हा प्रदेश, आंबेगावासह, त्या हबशी वजिराच्या अमलाखाली होता.

मलिक अंबरसारखे हजारो आफ्रिकी गुलाम पूर्वेकडे आणले गेले. त्याहून कितीतरी मोठ्या संख्येने आफ्रिकी माणसे अटलांटिक महासागरापलीकडे, कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत नेली गेली. त्यांच्या वंशजांना स्वतःचा आवाज प्रथम नभोवाणीवर ऐकू आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लंडनहून. तो ऐकविणारी स्त्री जमैका बेटावरची होती. तिचे नाव उना मार्सन.

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याकडे क्रिकेट आठवते. ही बेटे बोलतात कशी, लिहितात काय, याची जगाला ओळख पटली ती मात्र साहित्यातून. डेरेक वॉलकॉट आणि व्ही. एस. नायपॉल या दोन नोबेल विजेत्यांच्या आरंभीच्या लेखनाला ज्या कार्यक्रमाने श्रोते मिळवून दिले, तो कार्यक्रम उना मार्सन यांनी सुरू केला होता. तो नावारूपाला आला तेव्हा त्या तेथे नव्हत्या, आणि अनेक वर्षे त्याच्या इतिहासात त्यांचे नावही ओझरतेच येत राहिले.

धर्मोपदेशकाची मुलगी

उना मार्सन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०५ रोजी जमैकातील सेंट एलिझाबेथ या ग्रामीण परगण्यात झाला. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. घरात पुस्तके होती, संगीत होते आणि कडक शिस्तही होती. सहा भावंडांत उना सर्वांत धाकट्या. त्या दहा-अकरा वर्षांच्या असतानाच वडिलांचे निधन झाले आणि घराचे स्थैर्य हरपले.

शिष्यवृत्ती मिळवून त्या हॅम्प्टन या मुलींच्या निवासी शाळेत शिकल्या. ही शाळा प्रामुख्याने गोऱ्या आणि उजळ वर्णाच्या सुखवस्तू घरांतील मुलींची होती. शिक्षण पूर्णपणे इंग्रजी वळणाचे होते. इंग्लंडमधील ऋतू, फुले आणि राजेराण्या मुलींना पाठ असत, पण आपल्याच बेटावरील लोकांच्या बोलीला आणि गाण्यांना वर्गात प्रवेश नव्हता. सावळ्या वर्णाच्या उना यांना या विसंगतीची जाणीव तेथेच झाली असावी. त्यांच्या पुढील साऱ्या लेखनात ती दिसते.

शिक्षण आटोपून त्या राजधानी किंग्स्टनला आल्या. लघुलेखन आणि टंकलेखन शिकलेल्या मुलींसाठी शहरात कचेऱ्यांतील नोकऱ्या उपलब्ध होऊ लागल्या होत्या. १९२६ मध्ये त्या एका मासिकाच्या सहसंपादक झाल्या आणि दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, त्यांनी ‘द कॉस्मोपॉलिटन’ हे स्वतःचे मासिक काढले. मासिक काढून ते स्वतः संपादित करणारी ती जमैकातील पहिली स्त्री. नोकरी करणाऱ्या तरुण स्त्रियांचे प्रश्न, त्यांचे वेतन आणि स्थानिक लेखकांचे साहित्य यांना त्यात स्थान होते. पैशाअभावी १९३१ मध्ये मासिक बंद पडले. दरम्यान, १९३० मध्ये त्यांचा ‘ट्रॉपिक रेव्हरीज’ हा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला होता आणि त्याला जमैकातील प्रतिष्ठेचे मस्ग्रेव्ह पदकही मिळाले होते.

मग त्या नाटकाकडे वळल्या. ‘अ‍ॅट व्हॉट अ प्राइस’ हे त्यांचे नाटक १९३२ मध्ये किंग्स्टनच्या रंगभूमीवर आले. त्याच्या उत्पन्नातून त्यांनी लंडनच्या प्रवासाचा खर्च भागविला.

पेकहॅममधील घर

१९३२ चे लंडन हे साम्राज्याचे हृदय होते. वसाहतींतील शिकलेल्या तरुणांना त्याचे मोठे आकर्षण होते. तेथे पोहोचल्यावर मात्र पहिला धक्का बसे तो भाड्याच्या खोलीच्या शोधात. काळ्या वर्णाच्या भाडेकरूला दारातूनच परत पाठविले जाई. टंकलेखिकेची नोकरी मागायला गेले, तर इंग्रज मुली आपल्यासोबत काम करणार नाहीत, असे कारण पुढे केले जाई. उना मार्सन यांनी दोन्ही अनुभव घेतले. रस्त्यावरच्या मुलांकडून होणारी हेटाळणीही त्यांच्या वाट्याला आली. १९३३ मध्ये त्यांनी त्या अपमानावर एक जळजळीत कविता लिहिली. आतापर्यंतच्या मृदू, रोमँटिक कवितेला मिळालेले ते निराळे वळण होते.

आसरा मिळाला तो दक्षिण लंडनमधील पेकहॅम येथील डॉ. हॅरल्ड मूडी यांच्या घरी. डॉ. मूडी हेही मूळचे जमैकाचे. इस्पितळांनी वर्णामुळे नोकरी नाकारल्यावर त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला होता. १९३१ मध्ये त्यांनी ‘लीग ऑफ कलर्ड पीपल्स’ ही संस्था स्थापन केली. आफ्रिका, वेस्ट इंडीज आणि आशियातून आलेल्यांना ही संस्था मदत करीत असे. उना मार्सन तिच्या चिटणीस झाल्या आणि काही काळ त्यांनी संस्थेच्या ‘द कीज’ या नियतकालिकाचे संपादनही केले. संस्थेच्या सदस्यांना घेऊन त्यांनी आपले नाटक बसविले आणि १९३४ च्या जानेवारीत ते लंडनच्या स्काला नाट्यगृहात सादर झाले. लंडनच्या नाट्यगृहात काळ्या कलावंतांनी स्वतःच्या लेखिकेचे नाटक करणे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

गोल्ड कोस्ट, नायजेरिया, सिएरा लिओन येथील विद्यार्थी आणि वकील त्यांना याच घरी भेटले. आफ्रिका म्हणजे पूर्वजांची दूरची, काहीशी लाज वाटायला लावणारी भूमी, ही वसाहतीच्या शाळेने दिलेली कल्पना येथे गळून पडली. १९३५ मध्ये इस्तंबूल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत त्या सहभागी झाल्या आणि ब्रिटनमधील वर्णभेदाविषयी तेथे स्पष्टपणे बोलल्या.

हबसाणचा सम्राट

ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने अबिसीनियावर, म्हणजे मलिक अंबरच्या जन्मभूमीवर, आक्रमण केले. आफ्रिकेतील हे प्राचीन स्वतंत्र राज्य. जगभरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना तो आपल्यावरचाच घाला वाटला. उना मार्सन यांनी लंडनमधील अबिसीनियाच्या वकिलातीत काम पत्करले.

तेथील वकील डॉ. चार्ल्स मार्टिन यांचे आयुष्यही विलक्षण होते. १८६८ मध्ये मुंबईहून निघालेल्या ब्रिटिश मोहिमेने अबिसीनियातील मगदालाचा किल्ला घेतला, तेव्हा मागे राहिलेल्या एका लहान मुलाला इंग्रज अधिकाऱ्यांनी भारतात आणले. तो येथे वाढला, लाहोरला वैद्यकी शिकला आणि वार्धक्यात आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून लंडनला आला. तेच हे डॉ. मार्टिन.

१९३६ मध्ये परागंदा सम्राट हेले सेलासी लंडनला पोहोचले. उना मार्सन त्यांच्या चिटणीस म्हणून काम करू लागल्या आणि जिनीव्हाला राष्ट्रसंघासमोर सम्राटांनी दाद मागितली, तेव्हा त्या त्यांच्यासोबत होत्या. राष्ट्रसंघाने केवळ सहानुभूती दाखविली. एका राष्ट्राची कैफियत सारे जग ऐकते आणि तरीही काहीच करीत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले. या अनुभवाने त्या खचल्या. प्रकृतीने साथ सोडली आणि १९३६ च्या सप्टेंबरात त्या जमैकाला परतल्या.

पाच वर्षांनी, १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, इटलीच्या ताब्यातील एरिट्रियात केरेनची घनघोर लढाई झाली. तीत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील तालुक्यांतून भरती होणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही लढल्या. त्या विजयानंतर मे महिन्यात हेले सेलासी आपल्या राजधानीत परतले. जुन्नर-आंबेगावसारख्या डोंगरी तालुक्यांत तेव्हा वीज नव्हती. रणांगणावरून येणारे एखादे कार्ड हीच घरच्यांची खुशालीची आशा होती. दूरवरच्या लढाईत गेलेल्या मुलाचा आवाज त्याच्या आईला ऐकू येणे म्हणजे काय, हे समजायला ही आठवण पुरेशी आहे. कारण उना मार्सन यांचे पुढचे काम नेमके तेच होते.

लंडनहून वेस्ट इंडीजला

जमैकात परतल्यावर त्यांनी किंग्स्टनमध्ये वाचक-लेखकांचे मंडळ स्थापन केले. गरीब मुलांसाठी निधी उभारला. १९३७ मधील ‘द मॉथ अँड द स्टार’ या संग्रहात त्यांनी जमैकाची लोकबोली कवितेत आणली. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘पोकोमेनिया’ हे नाटक रंगभूमीवर आले. गोरगरिबांच्या, आफ्रिकी वळणाच्या उपासनापद्धतीला त्यात मध्यवर्ती स्थान होते. सुशिक्षित प्रेक्षकांनी ज्या ढोलाकडे आजवर कानाडोळा केला होता, तो त्यांना सभ्य नाट्यगृहात बसून ऐकावा लागला.

१९३८ मध्ये जमैकात मजुरांचा उठाव झाला. बेटांवरील दारिद्र्याची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने आयोग नेमला. त्याच वर्षी उना मार्सन पुन्हा लंडनला आल्या. १९३९ मध्ये त्यांना अलेक्झांड्रा पॅलेस येथील बीबीसीच्या नवजात दूरचित्रवाणीसाठी किरकोळ कामे मिळू लागली. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाले आणि दूरचित्रवाणी बंद करण्यात आली. नभोवाणी मात्र एकाएकी साम्राज्याच्या निकडीची गोष्ट बनली.

वसाहतींतून सैनिक हवे होते, कामगार हवे होते आणि या सर्वांच्या घरच्यांची निष्ठाही हवी होती. वेस्ट इंडीजमधून हजारो तरुण हवाई दलात, कारखान्यांत आणि जहाजांवर दाखल झाले. त्यांचे निरोप घरी पोहोचविणारा ‘कॉलिंग द वेस्ट इंडीज’ हा कार्यक्रम सुरू झाला. १९४१ च्या मार्चमध्ये उना मार्सन यांची बीबीसीच्या एम्पायर सर्व्हिसमध्ये पूर्णवेळ कार्यक्रम सहायक म्हणून नेमणूक झाली. बीबीसीत कार्यक्रमांची निर्मिती करणारी पहिली काळी स्त्री म्हणून आज त्यांची नोंद आहे.

कार्यक्रमाचे स्वरूप साधे होते. सैनिक ध्वनिक्षेपकासमोर येत, आपले नाव आणि गाव सांगत, आईवडिलांना, पत्नीला, भावंडांना खुशाली कळवीत. मजकूर आधी लिहून युद्धकालीन तपासणीतून मंजूर करून घ्यावा लागे. हे ध्वनिक्षेपण लघुलहरींवरून अटलांटिक ओलांडून जाई. बेटांवर फारच थोड्या घरी रेडिओ होते. जमैकाचे ‘झेड क्यू आय’ हे छोटेसे केंद्रही १९३९ च्या नोव्हेंबरातच सुरू झालेले. अशा परिस्थितीत एका संचाभोवती शेजारीपाजारी जमत आणि कोणाच्या मुलाचे नाव येते याची वाट पाहत.

हे काम सुखाचे नव्हते. ऑक्टोबर १९४० मध्ये बीबीसीच्या मुख्य इमारतीवर बॉम्ब पडून सात कर्मचारी मृत्युमुखी पडले होते. प्रसारणाच्या वेळा बेटांच्या घड्याळाप्रमाणे असल्याने लंडनमध्ये ते रात्री-अपरात्री करावे लागे. त्याशिवाय उना मार्सन यांचे राहते घर म्हणजे परक्या शहरात एकाकी पडलेल्या वेस्ट इंडियन सैनिकांचे हक्काचे ठिकाण झाले होते. विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टन्टाइन त्या काळी ब्रिटनमधील वेस्ट इंडियन कामगारांचे कल्याण अधिकारी होते. तेही या कार्यक्रमातून बोलत. याच कॉन्स्टन्टाइन यांना १९४३ मध्ये लंडनमधील एका हॉटेलने वर्णामुळे राहू दिले नाही. त्यांनी दावा लावला आणि तो जिंकलाही.

ध्वनिक्षेपकाभोवतीचे छायाचित्र

त्याच सुमारास बीबीसीच्या पूर्व विभागात भारतासाठी कार्यक्रम तयार होत होते. तेथे एक मराठी तरुणी काम करीत होती. कोल्हापूर संस्थानच्या परिसरातील शिरोळ येथे १९१२ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या वेणू चितळे १९३४ मध्ये इंग्लंडला गेल्या होत्या आणि १९४० पासून बीबीसीत होत्या. लेखक जॉर्ज ऑर्वेल हे भारत विभागाचे कार्यक्रम पाहत. वेणू चितळे त्यांच्या सहायक म्हणून काम करीत. मार्च १९४२ मध्ये बीबीसीचे मराठी प्रसारणही सुरू झाले.

ऑर्वेल यांनी १९४२ मध्ये ‘व्हॉइस’ नावाचे छोटे नभोवाणी-मासिक चालविले. त्यात कवी आपल्या कविता स्वतः वाचत आणि त्यांवर चर्चा होई. वर्षाच्या अखेरीस झालेल्या एका भागासाठी उना मार्सन यांनाही बोलावण्यात आले. त्या प्रसंगाचे छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, तंबीमुत्तू, नारायण मेनन, विल्यम एम्पसन आणि ऑर्वेल अशी मंडळी ध्वनिक्षेपकाभोवती दिसतात. त्यांच्यात जमैकाच्या उना मार्सन आहेत आणि शिरोळच्या वेणू चितळेही आहेत. दोघीही साम्राज्याच्या नोकरीत होत्या. आपल्या लोकांशी बोलण्याची संधी मात्र दोघींनाही त्याच साम्राज्याच्या यंत्रणेने दिली होती. या विचित्र परिस्थितीतून वाट काढत दोघींनी काम केले.

या कवितावाचनातून उना मार्सन यांना एक कल्पना सुचली. केवळ निरोप पोहोचविण्याऐवजी बेटांवरील लेखकांचे साहित्यच का प्रसारित करू नये? मार्च १९४३ मध्ये त्यांनी आपल्या कार्यक्रमाचा एक भाग कथा-कवितांसाठी राखून ठेवला आणि त्याला ‘कॅरिबियन व्हॉइसेस’, म्हणजे कॅरिबियन आवाज, असे नाव दिले.

या नावात मोठा आशय होता. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस, ब्रिटिश गयाना या वसाहती एकमेकींपासून शेकडो मैल दूर होत्या आणि त्यांचा व्यवहार थेट लंडनशी चाले. एका बेटावरील लेखक दुसऱ्या बेटावर माहीत नसे. पुस्तके छापणारे प्रकाशक जवळजवळ नव्हतेच. या कार्यक्रमामुळे बार्बाडोसच्या श्रोत्याने प्रथमच जमैकाची कथा ऐकली. ती आपल्याच माणसाच्या उच्चारांत होती, आपल्याच झाडांची आणि बाजारांची नावे घेऊन आली होती. सगळ्या बेटांचे मिळून एक साहित्य असू शकते, ही जाणीव रुजायला येथून आरंभ झाला.

काळोखाची वर्षे

बाहेरून दिसणाऱ्या यशाची किंमत मोठी होती. कार्यक्रमाची सूत्रे एका काळ्या स्त्रीच्या हाती असणे अनेकांना रुचत नव्हते. काही सहकाऱ्यांनी वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. बेटांवरील मळेवाल्यांशी हितसंबंध असणाऱ्या लंडनमधील वर्तुळांतही नाराजी होती. दुसऱ्या बाजूला, त्रिनिदाद किंवा बार्बाडोसच्या मंडळींना जमैकाच्या बाईंकडे सारी सूत्रे असणे खटके. ज्यांच्यासाठी त्या झटत होत्या, त्यांच्यातही एकवाक्यता नव्हती.

सततचे काम, बॉम्बवर्षावाच्या रात्री, एकटेपण आणि अपमान यांचा साचत गेलेला भार अखेर असह्य झाला. १९४५ मध्ये त्यांचा ‘टुवर्ड्स द स्टार्स’ हा काव्यसंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याच सुमारास त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. १९४६ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांना उपचारांनंतर जमैकाला परत पाठविण्यात आले. लंडनच्या नभोवाणीतील त्यांचे पर्व तेथे संपले.

‘कॅरिबियन व्हॉइसेस’ मात्र चालू राहिला. १९४६ मध्ये हेन्री स्वान्झी या आयरिश निर्मात्याने तो हाती घेतला आणि त्याला साप्ताहिक साहित्यिक कार्यक्रमाचे भरीव रूप दिले. किंग्स्टनमध्ये ग्लॅडिस लिंडो या साहित्य गोळा करून लंडनला पाठवीत. स्वीकृत लेखनाला मानधन मिळे आणि होतकरू लेखकांना त्याचा मोठा आधार वाटे. जॉर्ज लॅमिंग, कामाऊ ब्रॅथवेट, डेरेक वॉलकॉट यांचे लेखन या कार्यक्रमातून ऐकविले गेले. वडिलांकडून भारतीय वंशाचे असलेले त्रिनिदादचे सॅम्युअल सेल्व्हन येथेच नावारूपाला आले. १९५४ मध्ये स्वान्झी गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, नभोवाणीवर गेले. त्यानंतर काही काळ कार्यक्रमाचे संपादन तरुण नायपॉल यांनी केले. १९५८ मध्ये कार्यक्रम बंद झाला. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या अखेरीस बीबीसीचे मराठी प्रसारणही थांबले.

कॅरिबियन साहित्याचे इतिहास लिहिले गेले, तेव्हा या कार्यक्रमाचे श्रेय प्रामुख्याने स्वान्झी यांना मिळाले. ते अनाठायी नव्हते. त्यांनी खरोखरच मोठे काम केले होते. पण ज्या बाईंनी कल्पना मांडली, नाव दिले आणि युद्धाच्या धामधुमीत पहिली तीन वर्षे कार्यक्रम जिवंत ठेवला, त्यांचा उल्लेख जेमतेम एखाद्या ओळीत आटोपला जाई.

शेवटची वर्षे आणि नंतर

जमैकात बरे वाटू लागल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या. ‘द ग्लीनर’ या वृत्तपत्राच्या ‘पायोनियर प्रेस’ या स्वस्त पुस्तकमालेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. जमैकाच्या लोकांना आपल्याच लेखकांची पुस्तके परवडतील अशा किमतीत मिळावीत, हा त्यामागचा उद्देश होता. १९५० च्या दशकातील बराच काळ त्यांनी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे काढला. तेथे झालेला त्यांचा विवाह फार टिकला नाही. मायदेशी परतल्यावर त्या पुन्हा मुलांसाठीच्या समाजकार्यात रमल्या. ६ मे १९६५ रोजी किंग्स्टन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. जमैका स्वतंत्र होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती.

युद्धानंतर वेस्ट इंडीज आणि आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांनी दक्षिण लंडनच्या वस्त्या गजबजल्या, पण शहरात त्यांचे स्वतःचे असे अधिकृत केंद्र नव्हते. १९८० च्या दशकात तरुणांनी परवान्याविना घरांच्या गच्च्यांवर प्रक्षेपक बसवून आपले संगीत ऐकविले. अधिकारी यंत्रे जप्त करीत आणि काही दिवसांत दुसरी उभी राहत. अखेर मार्च १९९० मध्ये ब्रिक्स्टन येथून ‘चॉइस एफएम’ हे कृष्णवर्णीयांच्या मालकीचे परवानाधारक केंद्र सुरू झाले. उना मार्सन यांना पहिला आसरा देणारे पेकहॅम तेथून फार दूर नाही. पुढे ते केंद्र एका मोठ्या कंपनीकडे गेले आणि २०१३ मध्ये त्याचे नावही बदलले. बीबीसीची कॅरिबियन सेवा पुन्हा सुरू झाली होती, पण २०११ मध्ये खर्चकपातीत तीही बंद पडली. समाजाचा आवाज एकदा मिळाला की कायमचा राहतो, असे नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने मिळवावा लागतो.

उना मार्सन यांची आठवण मात्र हळूहळू परतली. १९९८ मध्ये डेलिया जॅरेट-मॅकॉले यांनी त्यांचे साधार चरित्र लिहिले. २००९ मध्ये लंडनच्या साउथवर्क भागात त्यांच्या स्मरणार्थ निळी पाटी लागली. २०२२ मध्ये बीबीसीनेच त्यांच्यावर माहितीपट केला. आता साउथवर्कमधील एका सार्वजनिक ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे.

छायाचित्रातील दुसऱ्या स्त्रीची, वेणू चितळे यांची कहाणीही फारशी वेगळी नाही. १९४७ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. पुण्यातील एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची कथा सांगणारी त्यांची इंग्रजी कादंबरी ‘इन ट्रान्झिट’ १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. विवाहानंतर त्या लीला खरे झाल्या आणि १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. बीबीसीचे मराठीतील काम २०१७ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा सुरू झाले, तोवर त्यांचे नाव मराठी वाचकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले होते. ऑर्वेल आणि एलियट यांच्यासाठी जपलेल्या छायाचित्रामुळे या दोघींचे चेहरे वाचले, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

आर्वीच्या भूकेंद्राने साता समुद्रापलीकडचे संदेश पकडले आणि खोडदच्या अँटेना आकाशगंगांपलीकडच्या लहरी टिपतात. यंत्राला अंतराची अडचण नसते. त्या लहरींवरून कोणाच्या बोलीत, कोणाची गोष्ट जावी, हे माणसांना ठरवावे लागते. युद्धाच्या काळात, दुसऱ्याच्या मालकीच्या ध्वनिक्षेपकासमोर बसून उना मार्सन यांनी ते आपल्या लोकांच्या बाजूने ठरविले. निरोपांसाठी मिळालेल्या मोजक्या मिनिटांतून त्यांनी साहित्यासाठी जागा काढली आणि तिच्यातून एका प्रदेशाचे साहित्य उभे राहिले.